तीन सेकंदांचं मांजर

मावशी,

मी सोळा वर्षांची आहे. परीक्षा चालू आहे आणि शेवटचा पेपर अजून अठरा दिवसांवर आहे. मला फ्लिपबुक करायचा नाद आहे. कागदांच्या गठ्ठ्यावर एकेक चित्र काढायचं आणि अंगठ्याने पानं सोडली की ते हलायला लागतं, ते. मी मांजर काढते. एक मांजर नीट काढायला मला दहा मिनिटं लागतात. गेल्या आठवड्यात आईने माझे कागद, पेन्सिली, क्लिपा, सगळं कपाटात टाकून कुलूप लावलं. 'शेवटचा पेपर दिलास की चावी देते,' म्हणाली. आता मी नोट्सच्या कोपऱ्यात चोरून काढते. हात चालू असला की माझं लक्ष जास्त लागतं, पण आईला ते खोटं वाटतं. मांजर काढताना वाटतं अभ्यास बुडतोय, आणि अभ्यासाला बसलं की डोक्यात मांजर. रात्री झोप येत नाही म्हणून फोन घेऊन पडते, मग एक-दीड वाजतो. सकाळी डोळे उघडत नाहीत. घरात सगळे आळशी म्हणतात.

खरं सांगू? मला सुट्टीचीपण भीती वाटते. गेल्या वर्षी परीक्षा चालू असतानाच मी सुट्टीत करायच्या अकरा गोष्टींची यादी केली होती. एक नंबरला मांजराची दोन मिनिटांची फिल्म. पहिले तीन आठवडे नुसते लोळण्यात गेले. मग सात-आठ पानं काढली, ती फाडून टाकली. बाकीच्या दहा गोष्टींना हातही लागला नाही. माझी मैत्रीण टॅबलेटवर करते, तिचं पटापट होतं आणि सगळ्यांना आवडतं.

आईचं बरोबर आहे का? परीक्षा होईपर्यंत सगळं बंदच करू का?

— कोपऱ्यातलं मांजर

अगं मांजरा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी कॅल्क्युलेटर काढला. तुझा प्रश्न या अठरा दिवसांचा आहे हे कळतंय मला, पण गाठ गेल्या वर्षीच्या सुट्टीत बसलेली दिसते. तिथून सुरुवात करू.

तू दोन मिनिटांची फिल्म करणार होतीस. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. हाताने चित्रं काढणारी मंडळी बरेचदा एकच चित्र दोनदा दाखवतात, त्यामुळे सेकंदाला १२ चित्रांत काम भागतं. फ्लिपबुकलाही साधारण तेवढीच धर. दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. म्हणजे १,४४० मांजरं. एका मांजराला दहा मिनिटं, हे तूच लिहिलं आहेस. झाली १४,४०० मिनिटं, म्हणजे २४० तास. रोज आठ तास मान मोडून बसली असतीस, एकही दिवस आजारी पडली नसतीस आणि एकही पान फाडलं नसतंस, तरी तीस दिवस लागले असते. आणि हे सगळं यादीतल्या एका ओळीसाठी. खाली आणखी दहा ओळी वाट बघत होत्या.

तू तीन आठवडे लोळलीस हे खरं आहे, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण फिल्म लोळण्यामुळे राहिली असं जे तू वर्षभर मनात धरून बसली आहेस, ते चूक आहे. ती फिल्म मावणारीच नव्हती. सात-आठ पानं झाल्यावर तुझ्या हाताला ते कळलं असणार. डोक्याला कळलं नाही, म्हणून तू पानं फाडलीस आणि स्वतःला नावं ठेवलीस.

मग इतका मोठा बेत तुझ्यासारख्या शहाण्या मुलीने केला कसा? परीक्षा चालू असताना केला, म्हणून. पुस्तक समोर उघडं असताना मन ज्या ज्या गोष्टीला 'नंतर' म्हणतं, ती गोष्ट मनातल्या मनात वाढत जाते. आज दहा मिनिटं मिळाली असती तर एक मांजर झालं असतं. ती मिळत नाहीत, म्हणून महिनाभराने एक मांजर पुरेसं वाटत नाही, फिल्मच हवी वाटते. त्याच भरात यादी होते. तुझी अकरा कलमांची झाली, माझ्या वेळी माझी पंधराची होती.

माझं सांगते. मी तुझ्याच वयाची असताना बासरी वाजवायचे. फार बरी वाजवत नव्हते, पण वाजवायचे. परीक्षा आली तशी बासरी फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वर गेली. मीच ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं. अडीच महिन्यांनी, शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी, खुर्चीवर चढून काढली. घरातले सगळे ऐकायला जमले. मी ओठ लावले, फुंक मारली आणि नुसता वारा बाहेर आला. सूर नाहीच. बासरीचा सूर ओठांच्या कोनावर असतो आणि तो कोन ओठ विसरले होते. चार-पाच दिवस नेटाने बसले असते तर परत आला असता, हे आज कळतं. त्या दिवशी मी हसले, 'धूळ गेली असेल आत' असं काहीतरी बोलले आणि बासरी परत वर ठेवली. ती पुन्हा खाली आली तेव्हा मी चाळिशीची होते.

म्हणून माझं उत्तर असं आहे: बंद करू नकोस, लहान कर. रोज दोन पानं. दोन म्हणजे दोनच. तिसरं सुचलं तर ते उद्याचं. एका मांजराला दहा मिनिटं, म्हणजे वीस आणि वर पाच मिनिटं पेन्सिलीला टोक काढायला. अठरा दिवसांत ३६ पानं होतील, बाराच्या हिशोबाने तीन सेकंद. तीन सेकंदांत मांजर झोपेतून उठू शकतं, पाठीची कमान करून आळस देऊ शकतं आणि परत बसू शकतं. यापेक्षा जास्त कथानक परीक्षेच्या दिवसांत कुणाला झेपत नाही. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी तुझ्या हातात संपलेली वस्तू असेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात चालू असेल.

वेळ कुठली, हे मात्र नीट ठरव. सकाळी नको, डोकं ताजं असतं ते अभ्यासाला दे. ज्या दिवशी पेपर असेल त्या दिवशी घरी आल्यावरची वेळ चित्रांची. पेपर देऊन आलेलं डोकं पिळून काढलेल्या फडक्यासारखं असतं, त्यात पुढच्या पेपरचं पुस्तक उघडून काही शिरत नाही. आणि त्याच वेळात मैत्रिणींचे मेसेज येतात: तिसऱ्याचं उत्तर काय लिहिलंस, पाचव्यात चिन्ह उणे आलं का. दिलेल्या पेपरातलं उणे चिन्ह आता बदलत नाही. ती पंचवीस मिनिटं मांजराला दिलीस तर निदान मांजर तरी उठून बसेल. पेपर नसेल त्या दिवशी, ठरवलेला अभ्यास झाल्यावर, झोपायच्या तासभर आधी बस.

आता नोट्सचा कोपरा. तू म्हणतेस हात चालू असला की लक्ष लागतं. तू खोटं बोलत नाहीस. २००९ साली जॅकी अँड्रेड नावाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलीने भरायला दिले होते. नंतर विचारलं तेव्हा आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हे आईला जरूर सांग, पण पुढचंही सांग. त्या लोकांना चौकोन आणि गोल भरायचे होते, त्यात विचार काहीच नव्हता. तुझं मांजर तसं नाही. मागच्या पानावर शेपूट कुठे होती, आता किती सरकवायची, पंजा उचलायचा की टेकायचा, हे सगळं ठरवायला डोकं लागतं, आणि डोकं एकच आहे. म्हणजे नोट्सच्या कोपऱ्यात तू अभ्यासही अर्धा करतेस आणि मांजरही अर्धं करतेस. पत्रात जी दोन्हीकडची टोचणी लिहिली आहेस ती यातूनच येते. वाचताना हात शिवशिवले तर रेघोट्या मार, चौकोन भर. मांजर कोपऱ्यातून बाहेर काढ आणि त्याच्या गठ्ठ्यात नेऊन ठेव.

अभ्यासाबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, तरी एक सांगते, कारण वेळ त्यातूनच सुटणार आहे. तू नोट्स समोर घेऊन बसतेस, म्हणजे त्या वाचत असणार. किती वेळा वाचतेस? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी, की आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल हे विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास जास्त होता. वाचून वाचून पान ओळखीचं होतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा आपला समज होतो. परीक्षेत मात्र पान समोर नसतं. तेव्हा एकदा वाच, वही मिट आणि कोऱ्या कागदावर उतरव. कंटाळवाणं आहे, अडायला होतं, मध्येच आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. ते वाटलं तरी चालू ठेव. आकृत्या तर तू अशा झपाट्याने काढशील की बाकीच्यांनी बघत राहावं.

मात्र एक करू नकोस. मांजराला अभ्यासाला जुंपू नकोस. आईला पटवायला 'चित्रकलेने स्मरणशक्ती वाढते' वगैरे वकिली करू नकोस. ज्या दिवशी मार्क कमी येतील त्या दिवशी ती वकिली तुझ्यावरच उलटेल. तुला मांजर काढायला आवडतं, बास. तेवढं कारण पंचवीस मिनिटांना पुरतं.

आता आई. आईचं बरोबर आहे का, असं तू विचारलंस. आईला भीती वाटते आहे, ती बरोबर आहे. कुलूप चुकीच्या कपाटाला लागलं आहे. असं का झालं ते बघ: चित्र टेबलावर पसरलेलं असतं. कागद, खोडरबराचा भुगा, क्लिपा, सगळं दारातून दिसतं. फोन हातात मावतो आणि 'अभ्यासाचा व्हिडिओ बघतेय' या तीन शब्दांमागे लपतो. तुझे रात्रीचे अकरा ते दीड, म्हणजे अडीच तास, आईने बघितलेलेच नाहीत. तिने जे दिसलं ते उचलून ठेवलं. तू तिच्या जागी असतीस तर वेगळं काय केलं असतंस?

म्हणून तिच्याकडे जाताना हातात काहीतरी घेऊन जा. जेवताना विषय काढू नकोस, सगळ्यांसमोर तर नाहीच. चार जणांत आईला माघार घेता येत नाही. ती एकटी असेल तेव्हा जा आणि अख्ख्या कपाटाची चावी मागू नकोस. सांग, 'आई, मला एक गठ्ठा, एक पेन्सिल आणि एक क्लिप दे. रोज पंचवीस मिनिटं, अभ्यास झाल्यावर. रात्री साडेदहाला फोन तुझ्याकडे आणून देईन, सकाळी घेईन. चार दिवस बघ, नाही जमलं तर परत कुलूप लाव.' आणि मग पहिले चारही दिवस फोन स्वतःहून नेऊन दे. तिने मागायच्या आत. सगळा सौदा त्यावर आहे. चित्राची वेळ संपली की तू उठतेस हे तिने एकदा डोळ्यांनी बघितलं, की पाचव्या दिवशी ती विचारायलाही येणार नाही.

ती नाहीच म्हणाली तर? म्हणू शकते. मग दोन दिवस फोन तसाच देत राहा आणि पुन्हा विचार. आदळआपट केलीस तर तिची खात्री पटेल की हे खूळच आहे.

फोनबद्दल मी हे एवढ्यासाठी म्हणत नाही की फोन वाईट. रात्री झोप येत नाही यात तुझा दोष थोडाच आहे. तुझ्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं. दहाला पडलं तर डोळे टक्क उघडे आणि सकाळी सहाला हलवलं तर मध्यरात्र, हे तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांचं होतं. घरातल्यांना सांग की मावशी म्हणाली, आळशी म्हणू नका. पण आता दुसरी बाजू. घड्याळ साधारण अकरा-साडेअकरापर्यंत सरकवतं. तिथून दीडपर्यंत तू सरकवतेस. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. दीडला झोपून सहाला उठलीस तर हातात साडेचार उरतात, आणि दिवसभर पाठ केलेलं डोक्यात नीट बसतं ते झोपेतच. म्हणजे रात्री जागून तू दिवसाचा अभ्यास पुसतेस. फोन आईकडे गेला की पहिल्या दोन रात्री तळमळशील. पडून राहा. दिवा बंद, डोळे मिटून, उद्याच्या दोन पानांत मांजराचा कान कुठे जाणार ते मनात काढत राहा. सकाळी उठल्यावर आधी खिडकीत किंवा बाहेर उजेडात जाऊन उभी राहा. सकाळच्या उजेडाने ते पुढे पळालेलं घड्याळ थोडं मागे येतं. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

एवढं करूनही आठवडाभर झोप लागली नाही, किंवा छाती धडधडणं, सारखं रडू येणं, जेवण न जाणं असं काही असेल, तर मला पत्र लिहीत बसू नकोस. आईला सांग आणि डॉक्टरांकडे जा. ते या सदरातलं काम नाही.

आता सुट्टी.

पहिले चार दिवस लोळ. मनापासून, कबूल करून लोळ. झोपेची उधारी असते ती फेडावी लागते आणि कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग. गेल्या वर्षी तुझी चूक लोळण्यात नव्हती. तू लोळत होतीस आणि त्याच वेळी यादीकडे बघत होतीस; त्यामुळे विश्रांती झाली नाही आणि कामही झालं नाही. यंदा यादी करूच नकोस. आत्ता परीक्षेत मनात येईल ते एका चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठी पुस्तकात टाकून दे. सुट्टीत सापडली तर सापडली.

पाचव्या दिवशी बस, आणि वीस सेकंद धर. २४० चित्रं. तुझ्या वेगाने ४० तास. रोज दोन तास बसलीस तर वीस दिवस, आणि बाकीचा दिवस पोहायला, भांडायला, कंटाळायला मोकळा. पण मांजर लगेच सुरू करू नकोस. आधी दोन दिवस नुसता चेंडू उडव. ॲनिमेशन शिकणाऱ्यांना बहुतेकदा आधी चेंडूच देतात. तुला तो पोरखेळ वाटेल. करून बघ.

चेंडू वरून सोडलास तर सारख्या वेळात तो सारखं अंतर पडत नाही. पहिल्या चित्रात एक घर खाली आला तर पुढच्यात तीन घरं, मग पाच, मग सात. हे गॅलिलिओने शोधलं आणि १६३८ च्या पुस्तकात मांडलं; तुझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तेच समीकरणाच्या वेषात बसलंय. म्हणजे वरच्या बाजूला चेंडू एकमेकांना चिकटून काढायचे आणि जमिनीजवळ लांब लांब. एका मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. तुझ्या बाराच्या हिशोबात त्याला जेमतेम पाच-साडेपाच चित्रं मिळतात. नवशिके तिथे पंधरा काढतात आणि मग चेंडू फुग्यासारखा तरंगत का येतो म्हणून डोकं धरतात. टेकताना तो चपटा काढ. किंचित, एका चित्रापुरता. उसळला की उभट. हे दोन दिवसांत हाताला बसलं की मग मांजराने खिडकीतून उडी मारली तर ती उडी वजनदार दिसेल. तू गेल्या वर्षीची पानं का फाडलीस ते तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तुझं मांजर तरंगत होतं. सगळ्यांचं तरंगतं.

मैत्रिणीच्या टॅबलेटवर जळू नकोस. तिचं पटापट होतं कारण मागचं चित्र तिला पडद्यावर फिकट दिसत राहतं, रंग एका टिचकीत भरतो आणि चुकलं तर मागे जाता येतं. फिकट दिसण्याची सोय तुलाही आहे: खिडकीची काच. दिवसा काचेवर दोन कागद एकावर एक धर, खालचं मांजर वर उमटतं. हात अवघडतो, पण काम होतं. फ्लिपबुकला विजेची गरज कधीच नव्हती. जॉन बार्न्स लिनेट नावाच्या इंग्रज मुद्रकाने १८६८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा सिनेमा जन्मालाही आला नव्हता. तिच्याकडून एक मात्र उसनं घे. चालणारं मांजर हवं असेल तर बारा चित्रांत पावलांचं एक चक्र पूर्ण कर, प्रत्येकाचा फोनवर फोटो काढ आणि तीच बारा परत परत लाव. मग मांजर हवं तितकं चालेल आणि तुझी शंभरेक चित्रं वाचतील. म्हणजे फोन सुट्टीत कामाला लागला. लोकांना दाखवायचं की नाही ते फिल्म पूर्ण झाल्यावर ठरव. रोज अर्धवट तुकडे टाकत बसलीस तर चित्रं काढण्यापेक्षा कोण काय म्हणालं ते बघण्यात दुपार जाईल.

आणि हे तुझ्या आजच्या दोन पानांसाठी, म्हणजे आईने गठ्ठा दिला तर. कागद फार जाड घेऊ नकोस, खालचं दिसत नाही. फार पातळही नको, अंगठ्याखालून सुटत नाही, चिकटतो. स्टिकी नोट्सचा पॅड या कामाला उत्तम, चिकटलेली बाजू आपोआप बांधणी होते आणि क्लिपही लागत नाही. पहिलं मांजर गठ्ठ्याच्या सगळ्यात खालच्या पानावर काढ आणि वर वर येत जा. म्हणजे दर वेळी वरचं पान टेकवलं की खालचं मांजर त्यातून दिसतं आणि खिडकीकडे धावावं लागत नाही. झालं की मागून पुढे पानं सोड.

झोपलेल्या मांजराचं आधी काय हलतं, कान की शेपूट, ते ठरलं की मला कळव. मी कानावर आहे.

— मावशी